मानसशास्त्राचे विद्यार्थी आणि संशोधनाची वाट



बारावीचे निकाल तोंडावर आले आहेत. समोर जितके विद्यार्थी बसले आहेत तितकेच त्यांचे आईवडीलही दिसताहेत, म्हणून एक गोष्ट आधीच वेगळी करून ठेवतो. मानसशास्त्र म्हटलं की घरोघरी समुपदेशक डोळ्यांपुढे येतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम पुरा करून तिथे नोंदणी करावी लागते. तो मार्ग आखलेला आहे आणि चांगला आहे. आज मला बोलायचं आहे ते वेगळ्या मुलामुलींबद्दल. माणूस कसा बघतो, कसा विसरतो, घाबरल्यावर कशावर विश्वास ठेवतो, हे शोधून काढणं हेच ज्यांना आयुष्याचं काम म्हणून करावंसं वाटतं, त्यांच्याबद्दल. या मार्गावर पाट्या फार कमी आहेत. विद्यार्थी विचारतात, "सर, त्यासाठी कुठली परीक्षा द्यायची?" परीक्षा आहेत, त्यांच्याकडे येतोच. पण संशोधक घडायला सुरुवात होते ती परीक्षेच्या कितीतरी आधी, पदवीच्या प्रॅक्टिकलमध्ये. आणि बिघडायलाही तिथेच सुरुवात होते.

महाविद्यालयात मानसशास्त्राची प्रयोगशाळा असेल तर तिच्या कपाटात बहुधा आरसा-रेखाटनाचं उपकरण सापडतं. एका पाटावर कागद, कागदावर दुहेरी रेघांनी काढलेली चांदणी, हात दिसू नये म्हणून वर आडवी पट्टी, आणि पलीकडे उभा आरसा. प्रयुक्तानं, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग चालला आहे त्यानं, आरशात बघत दोन रेघांच्या मधून पेन्सिल फिरवायची. सरळ रेघ कशीबशी निघते, पण कोपरा आला की पेन्सिल अडून बसते. वर न्यावी तर खाली येते. शेजारी प्रयोगकर्ता वेळ आणि चुका टिपत असतो. पाचसात प्रयत्नांत हात सुधारतो. सुधारणेचा आलेख काढायचा, निष्कर्ष लिहायचा, सही घ्यायची, झालं प्रॅक्टिकल.

याच कामानं विसाव्या शतकातला स्मृतीबद्दलचा एक मोठा शोध लावून दिला आहे. १९५३ साली अमेरिकेतल्या हार्टफर्ड गावी हेन्री मोलेसन नावाच्या तरुणावर विल्यम स्कोव्हिल या शल्यचिकित्सकांनी अपस्मारासाठी मेंदूची शस्त्रक्रिया केली. दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस आणि लगतचा भाग काढला. झटके कमी झाले, पण नवं काही लक्षात राहीनासं झालं. नुकत्याच भेटलेल्या माणसाला तो थोड्या वेळानं ओळखत नसे. त्याचा अभ्यास करायला माँट्रियालहून ब्रेंडा मिल्नर आल्या, आणि त्यांनी त्याला आरशात बघून चांदणी काढायला दिली. सलग तीन दिवस. प्रत्येक दिवशी त्याला हे काम नव्यानं समजावून सांगावं लागे, कारण आपण ते कधी केल्याचं त्याला आठवतच नसे. चुका मात्र दिवसागणिक घटत गेल्या. हात शिकला होता आणि माणसाला त्याचा पत्ता नव्हता. स्मृती एकच एक नसते, कौशल्याची स्मृती वेगळी आणि घटनांची वेगळी, हे त्या रेघांनी दाखवलं.

मिल्नरबाईंचा इथवरचा प्रवास मी विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगतो. १९३६ साली त्या केंब्रिजला गेल्या त्या गणित शिकायला. गणितात आपण फार मोठं काही करू शकणार नाही असं वाटल्यावर मानसशास्त्राकडे वळल्या. मग युद्ध आलं, युद्धकाळातलं संशोधन आलं, नवऱ्याबरोबर कॅनडाला जाणं आलं. तिथे शिकवता शिकवता डोनल्ड हेब यांच्याकडे डॉक्टरेट केली आणि त्यांच्यामुळे शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचा अभ्यास करण्याची संधी मिळाली. यातला पुढचा टप्पा त्यांना आधीच्या टप्प्यावर दिसत नव्हता. विशीत वाट दिसत नाही म्हणून खचलेली मुलं माझ्याकडे येतात तेव्हा मी त्यांना हेच सांगतो, की वीस वर्षांपुढचं तुम्हाला दिसण्याची गरज नाही. समोर बसलेल्या प्रयुक्ताकडे तुम्ही नीट बघताय का, हे मात्र आजच पाहिलं पाहिजे.

आणि इथे मला कळकळीनं बोलायचं आहे. अनेक ठिकाणी काय चालतं हे इथल्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. परीक्षा आठवड्यावर येते, बाहेरचे परीक्षक येणार असतात, जर्नल पुरं करायचं असतं. मग मागच्या वर्षीच्या कुणाचं तरी जर्नल आणलं जातं, त्यातल्या तक्त्यातले आकडे एकदोननी इकडेतिकडे करून उतरवले जातात. कुणी खरोखर प्रयोग केला आणि प्रयुक्ताच्या चुका कमी होण्याऐवजी वाढल्या, तर तो आकडा "दुरुस्त" केला जातो, कारण निकाल अभ्युपगमाप्रमाणे, म्हणजे आधी बांधलेल्या अंदाजाप्रमाणे, आला नाही तर मार्क जातील ही भीती. ही भीती मुलं घरून घेऊन येत नाहीत, ती त्यांना वर्गात मिळते. पण तिची किंमत मोठी आहे. चौथ्या प्रयत्नाला चुका का वाढल्या? तो थकला? चिडला? कोपऱ्यावर जपून जाण्याऐवजी वेग घ्यायला लागला? संशोधनाची सुरुवात त्या एका आकड्यात होती आणि खोडरबरानं ती पुसली गेली.

हे लहान गावातल्या महाविद्यालयापुरतं आहे असं कुणी समजू नये. नेदरलंड्समधल्या टिलबर्ग विद्यापीठात डिडेरिक स्टापेल हे सामाजिक मानसशास्त्राचे नावाजलेले प्राध्यापक होते. २०११ साली उघड झालं की ते वर्षानुवर्षं आकडे घरी बसून तयार करत होते. त्यांचे ५८ शोधनिबंध मागे घ्यावे लागले. हे उघडकीला आणलं ते त्यांच्याच विभागातल्या तीन तरुण संशोधकांनी. पुढे २०१५ साली ब्रायन नोसेक आणि त्यांच्या अनेक सहकाऱ्यांनी मानसशास्त्रातले १०० प्रकाशित प्रयोग नव्यानं करून पाहिले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत सांख्यिकीय दृष्ट्या लक्षणीय निकाल होता, पुन्हा केल्यावर तो ३६ टक्क्यांत आला. यात लबाडी थोडी, घाई आणि हवा तो निकाल शोधत राहण्याची सवय जास्त. त्यानंतर या शास्त्रानं स्वतःला बरंच सावरलं. आता अभ्युपगम आणि विश्लेषणाची पद्धत प्रयोगाच्या आधी नोंदवून ठेवायचा रिवाज रुजतो आहे. ओपन सायन्स फ्रेमवर्क या संकेतस्थळावर ती नोंद फुकट करता येते, आणि पदवीच्या विद्यार्थ्यालाही करता येते. ज्या मुलानं दुसऱ्या वर्षी आपला न जुळणारा आकडा तसाच ठेवला आणि खाली चार ओळींत त्याचं कारण शोधायचा प्रयत्न केला, तो माझ्या लेखी संशोधक झालेला आहे. त्याला पदवी मिळायची आहे, एवढंच.

दुसरा मुद्दा प्रश्नाचा. प्रश्न आणायचा कुठून?

१५ जानेवारी १९३४ला बिहारमध्ये प्रचंड भूकंप झाला. मुंगेर, मुझफ्फरपूर, दरभंगा उद्ध्वस्त झाले. त्या दिवसांत पाटण्याचे जमुना प्रसाद लोकांच्या तोंडच्या अफवा गोळा करत होते. धक्का जाणवला पण घरं पडली नाहीत, माणसं दगावली नाहीत, अशा भागातले लोक काय बोलताहेत ते टिपत होते. वादळ येणार आहे, ग्रहणाच्या दिवशी पुन्हा मोठा धक्का बसणार आहे, अशा एकाहून एक भयंकर अफवा. त्यांचा निबंध १९३५ साली ब्रिटिश जर्नल ऑफ सायकॉलॉजीमध्ये छापून आला. पुढे १९५२ साली त्याच नियतकालिकात दुर्गानंद सिन्हा यांचा निबंध आला, दार्जिलिंगच्या दरडींच्या वेळच्या बातम्या आणि अफवांवरचा. तिथले लोक नुकसानीच्या ऐन मध्यावर होते, आणि त्यांच्यात पुढच्या संकटांच्या तसल्या अफवा नव्हत्या.

अमेरिकेत लिऑन फेस्टिंगर यांनी हे वाचलं आणि ते अडखळले. माणसाला भीती नको असते असं आपण धरून चालतो. मग ज्यांचं काही बिघडलं नाही त्यांनीच आणखी घाबरवणाऱ्या गोष्टी का पसरवाव्यात? त्यांना उत्तर सुचलं ते असं: ही माणसं आधीच घाबरलेली होती, आणि आजूबाजूला घाबरण्यासारखं काही दिसत नव्हतं. मनातली भीती आणि डोळ्यांपुढचं जग यांचा मेळ बसेना, म्हणून भीतीला शोभेल असं जग त्यांनी बोलून तयार केलं. यातून १९५७ साली बोधनिक विसंगतीचा सिद्धान्त पुस्तकरूपानं आला. मानसशास्त्राच्या कुठल्याही क्रमिक पुस्तकात तो असतो. त्याची पहिली ठिणगी पाटण्याच्या गल्ल्यांत पडली, हे किती विद्यार्थ्यांना सांगितलं जातं?

मला यातून अभिमानापेक्षा हुरहूर जास्त वाटते. निरीक्षण आपल्याकडचं, सिद्धान्त तिकडचा. प्रसादांच्या कामाची थोरवी यानं कमी होत नाही, आणि फेस्टिंगर यांनी ऋण मोकळेपणानं मान्य केलं आहे. पण माहिती गोळा करणाऱ्यानंच तिच्यापुढे उभं राहून "असं का?" हे शेवटपर्यंत विचारावं, ही सवय आपल्या विद्यापीठांनी मुलांना लावली नाही. दुर्गानंद सिन्हांनी पुढे अलाहाबादला १९६१ साली मानसशास्त्राचा विभाग उभा केला आणि आपल्या समाजाचं मानसशास्त्र आपण घडवलं पाहिजे हे ते आयुष्यभर सांगत राहिले. ते काम अजून अर्ध्यावर आहे. अफवेचा प्रश्न तर आपल्या दारात आहे. १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आली या अफवेवरून भिक्षा मागून जगणाऱ्या पाच माणसांना जमावानं ठार मारलं. ती अफवा त्या लोकांना खरी का वाटली, कुणाला वाटली नाही, ज्यांना वाटली नाही ते का बोलले नाहीत? हे प्रश्न पोलिसांच्या कागदपत्रांत सुटत नाहीत. ते आपल्या शास्त्राचे आहेत, आणि अहिराणी बोलणाऱ्या, भिल्ली बोलणाऱ्या मुलामुलींनी त्यांना हात घातला तर उत्तरं अधिक खरी येतील.

सगळेच प्रश्न इतके जड नसतात. एक साधा घेऊ. 'दिवा' हा शब्द लिहिताना वेलांटी आधी येते, 'द' नंतर. उच्चार मात्र 'द'चा आधी. डोळ्यांना एक क्रम, जिभेला दुसरा. वाचताना मेंदूला याची अडचण होते का? ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांनी हिंदी वाचकांवर हा अभ्यास केला, २००२ साली तो प्रसिद्ध झाला, आणि अशा शब्दांना वाचकांना किंचित जास्त वेळ लागतो असं दिसलं. आता मराठी मुलांवर हे करून पाहायचं म्हणा. 'दिवा'च्या जोडीला 'दावा' घेऊ, दोन्ही दोन अक्षरी. पण थांबा. तिसरीतल्या मुलाला 'दिवा' रोजचा आहे, 'दावा' त्यानं ऐकलाही नसेल. मग वेळेत फरक पडला किंवा फरक पडलाच नाही, तरी त्याचं श्रेय वेलांटीला द्यायचं की परिचयाला? म्हणजे शब्दांच्या जोड्या करताना लांबी, परिचय, जोडाक्षरं हे सारे परिवर्त्य सांभाळायला हवेत. मोबाइलचं स्टॉपवॉच इथे चालणार नाही. फरक सेकंदाच्या काही सहस्रांशांचा आणि आपला अंगठा त्याहून कितीतरी मंद. मग सायकोपाय हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर घ्यायचं, मायक्रोफोन जोडायचा, शब्द दिसल्यापासून आवाज सुरू होईपर्यंतचा वेळ यंत्रालाच मोजू द्यायचा. शाळेची परवानगी, पालकांची लेखी संमती, मूल कंटाळलं तर त्याच क्षणी थांबणं, हे तर हवंच. एवढ्या एका कामात प्रयोगाची रचना, नमुना, मापन, सांख्यिकी आणि नीतिनियम सगळं शिकून होतं. अनुदान लागत नाही. लागतो तो एक सत्रभराचा चिकाटीचा वेळ आणि पाठीशी उभा राहणारा एक शिक्षक.

दारं कुठे कुठे आहेत, हे आता सांगतो, कारण मुलं फक्त मानसशास्त्र विभागांच्याच पायऱ्या झिजवतात. पुणे विद्यापीठ, मुंबई विद्यापीठ, टाटा समाजविज्ञान संस्था, बंगळुरूचं निम्हान्स ही नावं तुम्हाला माहीत आहेत. अलाहाबाद विद्यापीठातलं बोधनशास्त्राचं केंद्र आणि गांधीनगर, कानपूरच्या आयआयटी इथेही बोधनशास्त्र शिकता येतं आणि त्यात संशोधन करता येतं. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीची मानसशास्त्र संशोधिका बुद्धिमत्तेच्या चाचण्या आपल्या मुलांसाठी रचत आली आहे. मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात मुलं गणित-विज्ञान कशी शिकतात यावर संशोधन चालतं.

पण दोन उदाहरणं अशी देतो की जिथे पाटीवर मानसशास्त्र लिहिलेलं नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातून १९९३ पासून आसपासच्या सहा गावांतल्या माता आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास चालला आहे. तो मुळात पोषणाचा अभ्यास. त्यातली मुलं नऊ वर्षांची झाल्यावर त्यांच्या बोधनक्षमतेच्या चाचण्या घेतल्या गेल्या, आणि गरोदरपणी आईला ब-१२ जीवनसत्त्व कमी पडलं होतं त्या मुलांना उलट्या क्रमानं आकडे म्हणणं, लक्ष टिकवून रंगीत वर्तुळं जोडत जाणं, अशा काही कामांत जड गेलं असं आढळलं. दुसरं गोव्याचं. १९९६ साली सुरू झालेल्या संगाथ या संस्थेनं 'मानस' हा प्रकल्प केला. तिथे प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि खाजगी दवाखान्यांत नैराश्य-चिंतेच्या रुग्णांना मदत करायला मानसोपचाराची पदवी नसलेल्या, पण खास प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांना नेमलं. सरकारी केंद्रांत रुग्ण बरे होण्याचं प्रमाण त्यामुळे वाढलं, आणि २०१० साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात निकाल छापून आला. अशा प्रकल्पांत मुलाखती घेणारे, चाचण्या घेणारे, आकडे तपासणारे लोक लागतात, आणि लोकांची बोली समजणारे लागतात. एम.ए. झाल्यावर वर्षदोन वर्षं प्रकल्प सहायक म्हणून राबणं ही माझ्या मते पीएच.डी.च्या आधीची सर्वांत उत्तम शाळा आहे. तिथे कळतं की पावसाळ्यात प्रयुक्त मिळत नाही, प्रश्नावलीतला सातवा प्रश्न सासूसमोर विचारता येत नाही, आणि आपल्याला हे काम आवडतं की नुसती त्याची कल्पना आवडते.

तिथवर पोचायला पत्र लिहावं लागतं. संशोधकांकडे येणारे बहुतेक अर्ज सारखेच असतात: मला आपल्या मार्गदर्शनाखाली संशोधन करण्याची तीव्र इच्छा आहे. त्यापेक्षा त्या व्यक्तीचा एक निबंध नीट वाचा, त्यातला न कळलेला एक मुद्दा विचारा, आणि आपल्याला काय करता येतं ते दोन ओळींत लिहा. इंग्रजीची धास्ती घेऊ नका. मराठी माध्यमातल्या मुलांना पहिले दहाबारा निबंध वाचताना घाम फुटतो, मग पद्धत आणि निष्कर्ष हे भाग सवयीचे होतात. सांख्यिकीची धास्ती मात्र अंगावर घेऊनच मोडावी लागते. मानसशास्त्र म्हणजे गणितापासून सुटका, असं समजून आलेल्यांना हे कडू वाटेल, पण सांख्यिकीविना या वाटेवर पाऊल पडत नाही. जामोव्ही किंवा आर ही सांख्यिकीची सॉफ्टवेअर शिका, दोन्ही फुकट आहेत. आणि स्वतः गोळा केलेल्या आकड्यांवर शिका, म्हणजे ते परके वाटत नाहीत.

आता आईवडिलांच्या मनातला प्रश्न. नेट परीक्षेत जेआरएफ मिळालं तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये अधिछात्रवृत्ती मिळते. २०२३ पासून हे दर आहेत. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्याच्या संस्था आपापल्या समाजघटकांतल्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना अधिछात्रवृत्ती देतात, त्यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा, मुदती चुकवू नका. आणि हेही स्पष्ट सांगतो की डॉक्टरेटनंतर महाविद्यालयात कायमची जागा मिळणं आज अवघड आहे. नेट, पीएच.डी. झालेली हुशार मुलं तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं शिकवताहेत, हे राज्याला शोभणारं नाही. म्हणून संशोधनाकडे येणाऱ्यानं प्राध्यापकी हा एकच किनारा धरू नये. सार्वजनिक आरोग्य, शिक्षण, वस्तूंची आणि ॲपची रचना करण्यापूर्वी वापरणाऱ्यांचा अभ्यास करणाऱ्या कंपन्या, इथे प्रयोग रचता येणाऱ्या आणि आकडे वाचता येणाऱ्या माणसाला काम आहे. घरच्यांनी एवढं करावं, की पंचविशीतल्या मुलीला "अजून शिकतेच आहेस का?" असं विचारू नये. ती शिकत असते हे खरं, पण ती कामही करत असते, आणि त्या कामाचा तिला मोबदला मिळावा यासाठी तुम्ही तिच्या बाजूनं बोला.

शेवटी नव्या शैक्षणिक धोरणाबद्दल, कारण ते यंदा प्रवेश घेणाऱ्यांच्या हाती आहे. पदवीच्या पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण असतील तर चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करता येतो, आणि त्यात १२ श्रेयांकांचा प्रबंध असतो. चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के असतील तर एम.ए. न करता पीएच.डी.च्या प्रवेशाला बसता येतं. घाईनं थेट पीएच.डी.कडे जावं असं मी म्हणणार नाही. पण त्या प्रबंधाचं सोनं करता येईल. प्राचार्यांना माझी विनंती आहे की या प्रबंधांना मार्क देताना निकाल अभ्युपगमाप्रमाणे आला की नाही हे पाहू नका, कच्ची माहिती जोडलेली आहे की नाही ते पाहा. नाकारला गेलेला अभ्युपगमही ग्रंथालयात ठेवा, म्हणजे पुढच्या तुकडीतलं कुणी तिथून पुढे जाईल. विद्यार्थ्यांनी विषय शोधायला चौथ्या वर्षाची वाट पाहू नये. दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीच्या सुट्टीत घरी जाल, तेव्हा एक वही बरोबर न्या आणि माणसांच्या वागण्यातलं जे जे कळलं नाही ते तारखेसह लिहा. जूनपर्यंत त्यातले बरेच प्रश्न आपोआप गळतील. जे दोनतीन उरतील ते घेऊन शिक्षकांकडे जा, आणि त्यावर आजवर कुणी काय केलं आहे ते वाचायला लागा.